कुंदनची चाळीसची चाल

कुंदनचं नशीबच मेलं खट्याळ! एरवी पिकअप अशी पळवायचा, की मागे धुळीशिवाय कोणी उरत नसे. आणि आज होणारे सासू-सासरे केबिनमध्ये बसलेले, तर गाडी मुंगीच्या पावलानं.

त्याला कारण होती रूपाली. ती तळोद्याच्या दवाखान्यात नर्स. रोज कोणाचा तरी मोडलेला पाय नाहीतर फुटलेलं डोकं बघायची. फोनवर तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "रस्त्यावरच्या पाटीवर वेगाचा जो आकडा, तोच काट्यावर. एकदा जरी पुढे गेलात, तर मला विसरा." आणि कुंदनला तिला विसरणं जमणार नव्हतं. पोरगा पार वेडा झाला होता.

पण लग्नाला होकार द्यायचा होता तिच्या वडिलांनी, भाईदासांनी! आणि भाईदासांना वेगाची भारी हौस. "देखू तं पोऱ्याले गाडी येस का," असं म्हणत त्यांनी ओल्या लाल मिरचीची पोती कुंदनच्याच गाडीत भरली आणि नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या लिलावाला निघाले. त्यांची बायको कौसाबाईही आल्या. गाडीची त्यांना भारी भीती, तरी जावई बघायचा मोह सुटेना. खिडकीशी बसल्या, दांडी घट्ट धरली आणि कानबाई मातेचं नाव सुरू केलं. मधे भाईदास.

तापीचा पूल मागे पडला आणि गाव लागलं. चाळीसची पाटी. कुंदनचा काटा चाळीसवर.

"दाब ना भो! लिलाव आपली वाट देखी का?"

"मामा, आठे गावमा चाळीसनी पाटी शे."

"पाटी काय, कोणी बी ठोकी देस!"

कुंदन घामाघूम. दाबावं तर रूपाली जाते, न दाबावं तर तिचा बाप जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे बिचारा अॅक्सिलेटर. तेवढ्यात मागून मोठ्यानं गाणी लावलेला एक ट्रॅक्टर आला आणि चक्क त्यांच्या पुढे गेला. वर बसलेल्या मजुरांनी टाटाही केला!

"ट्रॅक्टर निंघी गयं रे!" भाईदासांनी कपाळावर हात मारला. "पाय मोडेल शे का तुन्हा? आमनी पोर वऱ्हाडमा म्हतारी व्हई जाई!"

कुंदनचे कान तापले. त्याला वाटलं, गेलं सगळं, या माणसाकडून होकार कसला मिळतोय! पाय नुसता शिवशिवत होता. पण त्यानं तो आवरला.

पुढे शाळा आली. तीसची पाटी. वळणावरून शेळ्यांचा कळप थेट रस्त्यावर. कुंदननं अलगद ब्रेक लावला. गाडी अशी थांबली, की मागचं एक पोतंसुद्धा हललं नाही. भाईदास गुराख्यावर ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या खांद्यावर काहीतरी टेकलं.

कौसाबाईंचं डोकं. दांडीवरचा हात सुटून मांडीवर पडला होता, पदर घसरला होता, आणि बारीक घोरणं चाललं होतं.

भाईदास बघतच राहिले. ही बाई त्यांच्या आधी उठायची आणि त्यांच्या नंतर आडवी व्हायची. तिला झोपलेली त्यांनी धड कधी पाहिलीच नव्हती. चेहऱ्यावर कसलीच काळजी नाही, तर ती इतकी पोरगेली दिसते, हे त्यांना आज कळत होतं. त्यांना उगाच भरून आलं. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं.

शेळ्या गेल्या. गाव संपलं. समोर मोकळा रस्ता आणि पाटी साठची! कुंदनचा जीव भांड्यात पडला. आता तरी सासऱ्याला खूश करू, म्हणून त्यानं गियर बदलला. काटा पन्नासकडे निघाला.

त्याच्या गुडघ्यावर हळूच एक हात पडला.

"हयू हयू, चाळीसवरच जाऊ द्या," भाईदास कुजबुजले.

"पण मामा, लिलाव निंघी जाई..."

"जाऊ दे. मिरची उद्या इकसूत." त्यांनी बायकोचा घसरलेला पदर सारखा केला. "हयू, जवाईबापू. झोप मोडी जाई. तुमनी सासू जपेल शे."