सतरावी ओळ

बंदरावर त्याला सगळे घार म्हणत. बावीस वर्षं तो क्रेनच्या चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचे कंटेनर उचलत आणि उतरवत आला होता. वरून याच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी खाली काम करणाऱ्यांची खात्री होती. त्या घारीला आता तीन आठवडे घरात बसवलं होतं. एका सकाळी केबिनमध्ये त्याला घेरी आली. त्याने कंटेनर अलगद खाली टेकवला, मशीन बंद केलं, खाली उतरून साहेबांना सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. तपासण्या झाल्या, आणखी एक भेट बाकी होती. ती होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं ठरलं.

घर त्याला खायला उठलं. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. आठ वाजता ती बाहेर पडली की हा खोल्याखोल्यांतून फिरायचा. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. गळका नळ दुरुस्त झाला, मग न गळणारा नळही उघडून बघितला, तो गळायला लागला. स्वयंपाकघरातले डबे त्याने उंचीप्रमाणे लावले, तेव्हा मात्र बायकोच्या संयमाचा बांध फुटला.

"अहो, दोन दिवस झाले, मला साखर सापडत नाहीये! हात शिवशिवत असतील तर एकच काय ते मोठं काम काढा. पण माझ्या डब्यांना हात लावू नका."

मोठं काम त्याला तिच्याच मोबाईलमध्ये सापडलं. त्यांची मुलगी चिंगी दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं काढायची. सगळी चित्रं बारीक बारीक चौकोनांची. मागच्या खेपेला ती आली असताना जेवता जेवता हा म्हणाला होता, "चौकोन भरायचा पगार देतात म्हणजे कमालच आहे!" त्याने गंमत केली होती. चिंगी मात्र ताटावरून उठली आणि दोन दिवस आधीच परत गेली. तेव्हापासून तिचा फोन यायचा तो आईला. त्याच्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना?" एवढंच.

चिंगीने आईला पाठवलेलं मोबाईलमधलं चित्र पहाटेच्या बंदराचं होतं. आडवे चाळीस चौकोन, उभे तीस. पाणी, दोन जहाजं आणि धक्क्यावर रचलेले लाल, पिवळे, निळे कंटेनर. जेवणाच्या टेबलाची फळी ओल लागून फुगली होतीच. तिच्या जागी नवी प्लायवूडची फळी टाकायची आणि तिच्यावर हे चित्र टाइल्समध्ये बसवायचं, असं त्याने ठरवलं. दोन सेंटीमीटरच्या बाराशे टाइल्स, वर थोड्या जास्तीच्या, सात रंग. चित्राचा मोठा कागद छापून आणला, प्रत्येक चौकोनात रंगाचा आकडा घातला आणि टाइल्स सात वाट्यांमध्ये वेगळ्या केल्या.

"जेवायला वाटी मिळेल का एखादी?" बायकोने विचारलं.

"चार दिवस ताटात आमटी घे," तो म्हणाला.

दिवसाला चार-पाच ओळी व्हायच्या. गोंद पसरायचा, टाइल टेकवायची, मध्ये प्लॅस्टिकचा फुलीसारखा तुकडा ठेवायचा, म्हणजे सगळ्या फटी सारख्या. पण कामानेही जिवाची तगमग थांबेना. दोन ओळी झाल्या की उठायचा, खिडकीशी जायचा, फोन उघडून डॉक्टरकडून काही आलंय का बघायचा, परत बसायचा. बसल्या बसल्या पाय हलत राहायचा, इतका की वाट्या किणकिणायच्या.

तिसावी ओळ लागली त्या दुपारी त्याने फोटो काढला आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून मुलीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा! हे तुम्ही केलंत?"

"नाहीतर काय शेजाऱ्यांनी?"

ती हसली. मग स्क्रीनजवळ आली, तिच्या कपाळावर आठी पडली. "बाबा, एक सांगू? रागावू नका. खालच्या जहाजाचा काठ तुटलाय. सतरावी ओळ एक घर उजवीकडे सरकलीये. सुरुवातीला निळी टाइल एक जास्त पडली आणि शेवटची तुम्ही गाळलीत."

"शक्यच नाही. मी एकेक मोजून लावलीये."

"जवळून कळणार नाही. जरा वरून बघा."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं त्याने चार बोटांची चूक होऊ दिली नव्हती, आणि ही कालची पोर त्याला वरून बघायला शिकवणार! फोन हातात धरून तो खुर्चीवर चढला. खाली बघितलं. काठ खरंच तुटला होता. पुढच्याच क्षणी जहाजं, कंटेनर, जमीन सगळं एका बाजूला वाहायला लागलं. त्याने पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला आणि त्याच्यामागोमाग तो. दोन वाट्या उडाल्या, उरलेल्या टाइल्स खोलीभर विखुरल्या.

"बाबा? बाबा!" पडद्याखालून फोन ओरडत होता.

"आहे, आहे. जिवंत आहे," तो म्हणाला. पण त्याला उठता येईना.

चिंगीने आईला कळवलं. ती रिक्षा करून धापा टाकत आली, तोवर तो भिंतीला टेकून बसला होता, कोपर सोललेलं. बायकोने त्याचे हातपाय चाचपले, पाणी दिलं. आरडाओरडा केला नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, एकदाच चक्कर आली," ती समोर बसत म्हणाली. "खरं सांगा. एकदाच?"

तो जमिनीवरच्या टाइल्स बोटाने एका रेषेत लावायला लागला. तिने त्याचा हात धरून थांबवला.

"त्याच्याआधी दोनदा आली होती," तो अखेर म्हणाला. "केबिनमध्येच. पटकन गेली, म्हणून तोंडातून ब्र काढला नाही. आणि सतरावी ओळ लावली त्या सकाळी. कागदावरचे आकडे पोहायला लागले. मी डोळे मिटून बसलो, मग पुन्हा सुरुवात केली. तिथेच मोजणी चुकली असणार."

"खाली माणसं असतात हो," बायको हळूच म्हणाली.

"माहितीये गं. तेच तर झोपू देत नाही."

"मग बोलत का नव्हता?"

"बोललो असतो तर मला परत वर कोण पाठवणार होतं?"

संध्याकाळच्या आत त्याने स्वतः डॉक्टरला फोन केला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरने दोन दिवसांनी बोलावलं, डोळे आणि कान पुन्हा तपासले आणि स्पष्ट सांगितलं: औषधाने चक्कर आटोक्यात राहील, पण उंचीवरचं काम आता नाही. कधीच नाही. त्याने "बरं" म्हटलं. बाहेर आल्यावर मात्र बसथांब्यावर त्याने समोरून आलेल्या तीन बस सोडल्या. बायको शेजारी उभी राहिली, "चला" म्हणाली नाही.

तीन दिवस त्याने टेबलाकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी पटाशी आणि हातोडी घेऊन बसला आणि सतराव्या ओळीच्या चाळीसच्या चाळीस टाइल्स उखडल्या. अकरा फुटल्या. शेजारच्या ओळीतल्या दोन निघाल्या, त्याही पुन्हा लावल्या.

शनिवारी चिंगी आली. प्रवासाची पिशवी खांद्यावरून न काढताच टेबलाजवळ गेली, ओळीवरून बोट फिरवलं.

"मी त्या दिवशी उगाच बोलले. तुम्ही चढलात ते माझ्यामुळे."

"तू बोलली नसतीस तर मी परत केबिनमध्ये चढलो असतो," तो म्हणाला. "आणि ऐक. ते पगाराचं मी बोललो होतो ना. सोपं काम नाहीये हे. बाराशेतच माझी कंबर मोडली."

चिंगीने नुसतं नाक ओढलं आणि बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून फटींमध्ये ग्राउटचा राखाडी लगदा भरला. चित्र पार बुजलं तसा तो अस्वस्थ होऊन ओल्या स्पंजकडे धावला. तिने मनगट धरलं. "वीस मिनिटं थांबा, बाबा. आत्ता पुसलंत तर फटीतला सगळा बाहेर येईल." ती वीस मिनिटं त्याने खोलीत येरझारा घालत काढली. मग पुसायला सुरुवात केली, ती कडेने, तो मधून.

पुढच्या सोमवारी तो बंदरावर गेला. नव्या चालकांना जमिनीवरून शिकवायचं काम त्याला दिलं होतं. त्या दिवशी वर एक नवी मुलगी होती, तिचा कंटेनर हवेत झुलत होता. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "सर, थांबत नाहीये हा."

"थांबेल. तू काही करू नकोस. झोका संपू दे," तो म्हणाला.

स्वतःचा पाय मात्र त्याचा हलतच होता. संध्याकाळपर्यंत वर बघून बघून मान आखडली, आणि घरी येऊन त्याने बायकोला तेल चोळायला लावलं.