डावी कडी

चाकांचा

हा सगळ्यांत खाली.

ह्याला चाकं आहेत, ओढायला दांडा आहे. ह्यात जड सामान: ग्राइंडर, दोन हातोडे, छिन्न्या, वायरचं भेंडोळं. बाकीचे तीन डबे ह्याच्यावर एकावर एक बसतात. प्रत्येक डब्याला खालच्या डब्यात अडकवायला दोन कड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावी खट्, उजवी खट्. चारही बसले की एक खांब होतो आणि अख्खं काम त्याच्या मागोमाग चालत जातं.

आधी आमची हत्यारं रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आणि दोन गोण्यांत असायची. आम्ही लोकांची स्वयंपाकघरं बसवून देतो, ओटे, कपाटं, वरचं छत. सकाळी कामावर पोचायचं आणि अर्धा तास गोणीत हात घालून बसायचं. मग एक दिवस दादा हे डबे घेऊन आला. पहिल्या दिवशी प्लास्टरवाला दारातूनच ओरडला, "आलं बघा यांचं बिऱ्हाड! गादीपण आणलीय का रे?"

गादी खरंच होती. वहिनींनी जुन्या गादीचा स्पंज कापून प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाची जागा करून दिली होती. डब्यांना नावंही त्यांनीच दिली, जाड काळ्या पेनानं.

"हत्यारांना गादी आणि मला चटई," दादा म्हणायचा.

"हत्यारं घोरत नाहीत," वहिनी म्हणायच्या.

आज दुपारी वहिनींनी बाहेरच्या खोलीत जुनी चादर पसरली आणि मला बोलावून घेतलं. सामान अर्धवट कामावरून टेम्पोत कसंही टाकून घरी आलं होतं, ते तसंच पडून होतं. उद्या नवं काम. दादाशिवायचं पहिलं. आज बेचाळिसावा दिवस.

"भाऊजी, घाईघाईत कोंबू नका. जागच्या जागी ठेवू."

मी हो म्हटलं.

भोकं

"हे सहाचं ना?"

"आठचं."

"मग सहाचं कुठंय?"

"तुमच्या मांडीखाली."

वहिनी उठल्या, ड्रिलचं पातं उचललं, स्पंजमधल्या खाचेत दाबून बसवलं. जरा हसल्या. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा असेल. मी नजर खाली केली.

दादाच्या ड्रिलमशीनच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ती उजव्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालीय. मी डावखुरा. ते मशीन मी हातात घेतलं की अंगठा भलत्याच ठिकाणी, खरखरीत पट्टीवर पडतो. दादा म्हणायचा, तुझ्याकडून काम करून घेणं म्हणजे आरशात बघून दाढी करणं.

"एवढा टापटिपीचा माणूस," वहिनी म्हणाल्या. "बनियनचीसुद्धा घडी घालणारा. आणि एक कडी लावायला विसरले."

डबा दुसरा. डावी खट्, उजवी खट्.

मोजायचं

टेप, लेव्हल, गुण्या, पेन्सिली.

तो पडला.

नाही. त्याच्या आधी.

शिडी रंगाऱ्याकडे होती. छताच्या कोपऱ्यातला एकच स्क्रू राहिला होता. अशा वेळी आम्ही सगळेच डब्यांवर चढतो. तीन डबे एकावर एक रचले की हात छताला पोचतो. दादाचा नियम एकच होता: दोन्ही कड्या लावलेल्या असतील तरच पाय ठेवायचा.

त्याच्याही आधी.

मला 'भोकं'मधलं एक पातं हवं होतं. 'मोजायचं' त्या वेळी बाजूला काढलेला होता, त्यामुळे त्याच्यावर थेट 'बारीकसारीक' होता, स्क्रू आणि खिळ्यांचा. तो मी उचलून बाजूला केला, पातं घेतलं, तो परत वर ठेवला. डावी कडी लावली. उजव्या हातात पातं होतं. उजवी राहिली.

माझं घाईत हे असंच होतं, डावी लागते, उजवी राहते. दादा घाईत असला की उलट, उजवी लागायची, डावी राहायची. ह्यावरून आमची रोजची थट्टा चालायची. कोणती कडी उघडी आहे ते बघून कुणाचा आळस ते कळायचं.

आता. तो चढला, न बघता, कारण मी नुकताच तिथून उठलो होतो. डबा उजवीकडून उचकटला. दादा पाठीवर, डोकं फरशीवर. नवीकोरी फरशी, वरचा कागदही काढला नव्हता.

आणि तो उठून बसला.

"काही नाही, काही नाही," म्हणाला. डोकं चोळलं. मग, "कडी कुणी उघडी ठेवली रे?"

"तूच. अजून कोण!"

मी हसत म्हणालो होतो. तो बरा होता म्हणून. संध्याकाळी चहा पिताना खरं सांगितलं असतं, त्याने पाठीत धपाटा घातला असता, विषय संपला असता.

"असेल," दादा म्हणाला. "म्हातारा झालो."

जेवला. चारपर्यंत काम केलं. मग डोकं दुखतंय म्हणून घरी गेला, वहिनींना सांगितलं, मीच कडी लावायला विसरलो. मग उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा तो कुणाला ओळखत नव्हता. सकाळ त्यानं पाहिली नाही.

डबा तिसरा. खट्. खट्.

बारीकसारीक

वहिनींनी हा स्वतः उचलून वर ठेवला. उजवी कडी लावली. खट्. डावीकडे हात नेला, तर तिथे फक्त प्लॅस्टिकचं मोडकं टोक.

"ही तुटलीय."

"हो."

"नवी मिळते का नुसती कडी?"

"मिळत असेल."

त्यांनी उजवी पुन्हा उघडली, लावली, उघडली. वाकून दोन्ही बाजू पाहिल्या.

"उजवीला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे उजवी उघडी होती आणि सगळा भार ह्या डावीवर आला. शंभर वेळा सांगितलं होतं ह्यांना. बेफिकीर माणूस. स्वतः मोकळे झाले आणि आम्हाला…"

मी गप्प बसू शकलो असतो. हे मला पक्कं कळत होतं. दादा स्वतःच कबूल करून गेला होता. वहिनी उद्या मला जेवणाचा डबा भरून देणार होत्या. रविवारी मी इथेच जेवणार होतो. मी फक्त स्क्रू निवडत राहायचं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "दादा एकच कडी लावायचा तेव्हा उजवी लावायचा."

"मग?"

"उजवी उघडी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. पेचकस माझ्या डाव्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही. त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, तूच."

"आणि ते मानून चालले?"

"हो."

वहिनींनी चादरीवरचा एक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला.

"बेचाळीस दिवस मी भांडतेय त्या माणसाशी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "डोळे उघडले की पहिलं तेच. एक कडी लावायला काय झालं होतं तुम्हाला? एकदासुद्धा चांगल्या मनानं आठवण काढली नाही मी. एकदासुद्धा नाही, भाऊजी. हे दिवस मला कोण परत देणार?"



त्या आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या असतील. त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, 'बारीकसारीक'मधले सगळे स्क्रू, खिळे, वायसर त्यात ओतले. झाकण बसेना, तळहाताने ठोकून बसवलं. मोडका डबा त्यांनी मांडीवर घेतला.

"हा इथे राहील."

"बरं."

"उद्या कामावर जा. लोकांना शब्द दिलाय ह्यांनी. काम पुरं करा."

"हो, वहिनी."

"पत्र्याचा डबा परत करायला मात्र येऊ नका."

मी उठलो. तीन डबे, वर पत्र्याचा. त्याला कडी नव्हती. जिना उतरताना दर पायरीला चाकं आदळत होती आणि तो सरकत होता. दांडा उजव्या हातात धरला आणि डाव्या हातानं पत्र्याचा डबा खाली पोचेपर्यंत दाबून धरला.