परलोकाचं दार धप्पकन उघडतं

"जागा सोडायची नाही, खुर्ची हलवायची नाही, डोळे उघडायचे नाहीत," सेवेकऱ्याने तिसऱ्यांदा बजावलं आणि सभागृहातल्या साठ माणसांनी निमूटपणे डोळे मिटले. मी मिटले नाहीत. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर डोळे मिटून काही समजून घ्यायची सवय राहत नाही.

चारही भिंती वरपासून खालपर्यंत निळ्या कापडाने मढवलेल्या. मंचावर नादबाबा. मधोमध एक वेगळी खुर्ची, ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याच्यासाठी. त्या दिवशी तिच्यावर माझी भावजय बसली होती आणि तिला बिलगून तिची नऊ वर्षांची मुलगी, आमची चिमणी.

"आता दार उघडेल," नादबाबा म्हणाले. "इकडचं नव्हे, तिकडचं. तिकडे बिजागऱ्यांना तेल घालायला कोणी नसतं, म्हणून जरा आवाज होतो."

धप्प. छातीत बुक्की बसावी तसा तो आवाज. चिमणीने दुखरा कान घट्ट दाबून धरला. आणि मग माझा धाकटा भाऊ बोलला.

त्याला जाऊन सात महिने झाले होते. आवाज त्याचाच, जरा घोगरा. तो दाराकडून आला, भिंतीच्या कडेकडेने चालत गेला आणि भावजयीच्या उजव्या खांद्यापाशी थांबला. "चाकू लावू नकोस," तो म्हणाला. "चाकू लावू नकोस."

घरी येताच भावजयीने कानाच्या डॉक्टरांना फोन करून चिमणीचं पुढच्या सोमवारचं ऑपरेशन रद्द केलं. त्या कानात रोग हाड पोखरत होता. उशीर झाला तर ऐकू येणं तर जाईलच, पण रोग आत मेंदूकडे सरकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"भाऊजी, तुम्हीही ऐकलंत ना? त्यांचाच आवाज होता."

"त्याचाच होता."

"मग आता मी त्यांचा शब्द मोडू का?"

यावर मला बरंच काही सांगता आलं असतं, पण रडणाऱ्या माणसापुढे फळा मांडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला शिकवायचं नव्हतंच. मला सूड घ्यायचा होता. माझ्या भावाच्या तोंडून त्याच्याच लेकीच्या जिवावर उठलेल्या माणसाला मला भर सभेत उघडा पाडायचा होता. मी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो आणि सोमवारची वेळ रविवारपर्यंत राखून ठेवायला सांगितली.

तो धप्प आवाज माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी मी मुलांना जुने रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करायला शिकवतो. अँप्लिफायर आधीच चालू असेल आणि त्याला जोडलेलं यंत्र मागाहून सुरू केलं, तर त्या यंत्राचा पहिला झटका अँप्लिफायर कित्येक पटींनी वाढवून स्पीकरवर आदळतो. ही चूक दर वर्षी एखादं तरी मूल करतंच.

दुसऱ्या दिवशी मी सेवेकऱ्याला गाठलं. "तुमचे पुढचे दोन स्पीकर करकरतात. जळायला आलेत."

"कसले स्पीकर, मास्तर? हा सगळा दैवी नाद आहे."

"बरं. मग तो दैवी नाद महिनाभरात बंद पडेल."

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "दुरुस्तीला कधी याल? याआधी दोन जळले, तेव्हा बाबांनी माझी सालटी काढली होती."

मंचामागच्या खोलीत सगळा परलोक एका टेबलावर मांडलेला होता. संगणकातून आवाज आकड्यांच्या रूपात एकाच वायरीने बाहेर पडत होता. कन्व्हर्टर त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून तो आठ वेगळ्या वाटांनी अँप्लिफायरांकडे पाठवत होता आणि तिथून तो कापडामागच्या आठ स्पीकरांत जात होता. एका स्पीकरचा आवाज कमी करत शेजारच्याचा वाढवत नेला की मधोमध बसलेल्याला वाटतं, कोणीतरी बोलत बोलत चाललंय. खुर्ची सोडली की हा भास मोडतो. म्हणून तो जागा न सोडण्याचा नियम.

"धप्प कसा करता?" मी विचारलं.

"अँप्लिफायर सकाळीच लावून ठेवतो. बाबा दार म्हणाले की कन्व्हर्टरचं बटण दाबतो. पहिल्यांदा चुकून झालं होतं. बाबांना आवडलं."

"त्यानेच तुमचे स्पीकर जळतात."

मग मी त्याला मनापासून शिकवलं. वायरी जोडायच्या त्या सगळं बंद असताना. स्पीकरच्या एका वायरीचा तंतूसुद्धा दुसरीला चिकटता कामा नये. आवाज तळाशी ठेवून आधी कन्व्हर्टर सुरू करायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे, अँप्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट, आधी अँप्लिफायर. मग हलक्या आवाजात एकेक वाट तपासायची.

त्याने सगळं कागदावर उतरवून घेतलं. "पण मग दाराचा आवाज?"

"पुढचा स्पीकर जळला तर बाबा कोणाला ओरडतील?"

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

माझाच एक नियम मात्र मी मोडला. तपासणी झाल्यावर, सगळं बंद करून, कन्व्हर्टरमागच्या डाव्या आणि उजव्या वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा तपासलं नाही.

शनिवारी भावजय पुन्हा त्या खुर्चीवर बसली. तिला नवऱ्याकडून पक्की खात्री हवी होती.

"आता दार उघडेल," नादबाबा म्हणाले.

काहीच झालं नाही.

"उघडेल, उघडेल. आत्मे कोणाच्या घाईने येत नाहीत."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बाबा, कुलूप लागलंय का?"

पडद्याआडून सेवेकऱ्याने डोकं काढलं. "बाबा, सगळं चालू आहे. आता काही जळणार नाही."

कोणीतरी खुसखुसलं. तेवढ्यात भावाचा आवाज आला आणि नादबाबांना हुरूप चढला. "आला. तुझ्या उजव्या खांद्यापाशी उभा आहे. उजवीकडे वळ, मुली."

"चाकू लावू नकोस," आवाज डावीकडून आला.

आता लोक उघडपणे हसू लागले. त्या हशात चिमणी उठून आईसमोर उभी राहिली. "आई, हे पप्पा फोनवरच्या निरोपात खोक्याबद्दल म्हणाले होते. माझ्या दुर्बिणीचं खोकं आलं तेव्हा. त्याला चाकू लावू नकोस, आत काच आहे, मी आल्यावर उघडू."

भावजय खुर्चीवरून उठली. "मी माझा फोन दिला होता या बाबांना," ती म्हणाली. "शुद्ध करायला म्हणून. दोन दिवस ठेवून घेतला होता."

मी भिंतीचं कापड धरलं आणि ओढलं. टरकन फाटलं. मागे काळा स्पीकर, त्यातून अजून माझा भाऊ बोलत होता.

नादबाबा बाजूच्या दाराकडे सरकले. दोन धट्टेकट्टे भक्त आडवे झाले आणि मी बाबांना मधल्या खुर्चीवर बसवलं. "जागा सोडायची नाही," मी म्हणालो.

सेवेकऱ्याने मुकाट्याने संगणक उघडून दिला. त्यात तीस घरांची गेलेली माणसं नावानिशी साठवलेली होती, सगळी त्यांच्याच घरच्या फोनवरून चोरलेली. मी ती एकदम सुरू केली. आठही बाजूंनी कोणाची आजी, कोणाचा मुलगा, कोणाची बायको नादबाबांच्या कानाशी बोलू लागली. आवाज मी हलकाच ठेवला होता. कान फुटतील असं काही मी कोणाला शिकवत नाही.

"मास्तर, बंद करा," ते कानांवर हात ठेवून म्हणाले.

"का? तुम्हीच तर बोलावलंत यांना."

पोलीस येईपर्यंत मी ते बंद केलं नाही. मला त्याची खंत नाही.

सोमवारी चिमणीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर थांबला असतात तर कान हाती लागला नसता. भावजय नवऱ्याचा तो निरोप अजून ऐकते, पण आता खोक्यासकट, पूर्ण.

गेलेल्या माणसाची आठवण येणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याचा आवाज ऐकवून कोणी तुम्हाला औषध टाळायला सांगितलं, तर तो आवाज कुठल्या वायरीतून आला ते शोधा. शोधता आलं नाही, तर निदान मुलाला आधी डॉक्टरकडे न्या. मग मला बोलवा. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे, आणि राग अजून भरपूर शिल्लक आहे.