बुचाची माळ

“हॉइट! अरे, मागं बघ, ढुंगण बुडतंय तुझ्या बोटीचं!”

आमच्या मासेमारीच्या क्लबातला बफर्ड लेडबेटर तलावाच्या धक्क्यावरून ओरडला तेव्हा मी ट्रक वर लावून उतरत होते. एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. उताराच्या टोकाला आमची हिरवी बोट पाण्यात होती आणि तिचा इंजिनाकडचा भाग हळूहळू खाली चालला होता. माझा नवरा हॉइट सुकाणूशी उभा होता. पाणी त्याच्या बुटांवर चढलं होतं आणि तो त्या पाण्याकडे नुसता बघत होता.

मी हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. पितळेचं बूच तिथंच लटकत होतं.

बास मासे धरायच्या बोटीला मागे, तळाशी, एक भोक असतं. घरी नेताना बूच काढायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी वाहून जातं. पुन्हा पाण्यात घालण्याआधी ते घट्ट बसवायचं. एवढं साधं काम, आणि भल्याभल्यांच्या हातून नेमकं तेच राहतं. पहाटेची घाई असते, गप्पा रंगलेल्या असतात, सगळ्यांचं लक्ष माशांकडे असतं. हॉइटने त्यावर उपाय काढला होता. बूच ट्रकच्या किल्लीलाच अडकवायचं. ट्रकमधून किल्ली काढली की बूच आपोआप हातात येतं. “पहिलं बूच, मग पाणी,” हे तो इतक्यांदा म्हणायचा की पाद्रीबाबांनी लग्नाची शपथ विचारली तेव्हाही त्याने तेच पुटपुटलं असेल असं मी म्हणायचे.

पण त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. पाव आणायला म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी पलीकडच्या परगण्यात सापडला होता. त्याचे वडील ज्या कापडगिरणीत कामाला होते तिच्या फाटकासमोर गाडी लावून बसला होता, भोंगा कधी वाजतो म्हणून वाट बघत. गिरणी आम्ही शाळेत होतो तेव्हाच बंद पडलेली. तेव्हापासून किल्ल्या माझ्याकडे. किल्लीबरोबर बूचही माझ्याकडे आलं, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आणि हे सगळं घडावं तर केन्डलच्या डोळ्यांदेखत. केन्डल आमचा मुलगा. बर्मिंगहॅमहून मुद्दाम आला होता. आदल्या दिवशी जेवताना त्याने मला सांगितलंच होतं, “ममा, उद्या मी धक्क्यावर उभा राहून बघणार. पपांना नीट जमलं तर हा मोसम बोट राहू दे. नाही जमलं तर विकून टाकायची. पाण्यात काही झालं तर तू एकटी काय करशील?”

पोरगा वाईट नव्हता. खरं तेच बोलत होता, म्हणूनच मला त्याचा राग आला होता.

कारण घरात हॉइट दिवसेंदिवस पाहुण्यासारखा वागायला लागला होता. कपाट उघडून उभा राहायचा आणि काय हवं होतं ते विसरायचा. बोटीत बसला की मात्र माझा हॉइट परत यायचा. वारा कुठून आहे, पाण्यातलं गवत कुठं संपतं, बुडालेल्या ओकच्या खोडाशी कुठलं रबरी गांडूळ टाकायचं, निळं की तपकिरी, हे त्याला विचारावं लागायचं नाही. जॅकेटला इंजिनाची लाल दोरी अडकवायचा, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. आधी माझं जॅकेट तपासायचा, मग स्वतःचं. ती बोट गेली असती तर माझ्याकडे तो घरातला पाहुणाच उरला असता.

लग्न झालं त्या शरदात याच तलावावर त्याने मला गाठ मारायला शिकवली. आमच्याकडे तेव्हा वल्ह्यांची होडी होती. तंगूस, म्हणजे गळाचा बारीक धागा, दुहेरी करायचा, गळाच्या नेढ्यातून ओवायचा, सैल गाठ मारायची, मग अख्खा गळ त्या फासातून बाहेर काढायचा. मी ओढायला लागले तर त्याने माझा हात धरला.

“थांब, थुंकी लाव आधी.”

“शी! काहीतरीच काय!”

“अगं, कोरडी ओढलीस तर तंगूस स्वतःच्याच घासण्यानं भाजतो. वरून दिसत नाही. मोठा मासा लागला की बरोबर तिथंच तुटतो. ओली कर आणि मग सावकाश ओढ.”

नव्या नवरीला थुंकायला शिकवणारा माणूस मी पदरात पाडून घेतला, असं मी माझ्या बहिणीला पत्रात कळवलं होतं. पण त्या गाठीने कधी दगा दिला नाही.

बुचाच्या माळेची चालही हॉइटचीच. आमच्या क्लबात जो बूच विसरेल त्याच्या गळ्यात एक जुनं बूच दोरीने बांधायचं, आणि दुसरा कुणी विसरेपर्यंत ते काढायचं नाही. दुकानात, बँकेत, चर्चमध्ये, सगळीकडे मिरवायचं. बफर्डने ते पोरीच्या लग्नात टायवर घातलं होतं आणि फोटोतही ते आलंय. क्लबात असा एक गडी उरला नव्हता ज्याने ती माळ घातली नाही. फक्त हॉइट सोडून.

ट्रेलर मागे नेऊन सगळ्यांनी मिळून बोट वर ओढली. तळाच्या भोकातून पाण्याची धार लागली. हॉइट बाजूला उभा होता, पँट पोटरीपर्यंत ओली. कुणी हसलं नाही. एरवी अशा वेळी या लोकांनी अख्खा धक्का डोक्यावर घेतला असता, आणि आज सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. केन्डलने कॉफीचा पेला बॉनेटवर ठेवला आणि आमच्याकडे यायला निघाला.

मी जुडगा उंच धरून खुळखुळवला.

“माझी चूक!” मी ओरडले. “बूच माझ्याकडं. हे बघा, लटकतंय इथं. बफर्ड, काढ रे ती गळ्यातली माळ.”

“ममा,” केन्डल म्हणाला, “बूच लावायचं काम पपांचं असतं ना?”

“किल्ली कुणाकडं असते हल्ली?”

“तुझ्याकडं.”

“आणि बूच कशाला लावलेलं असतं?”

“किल्लीला.”

“मग झालं तर. आईला कोर्टात उभं करतोस काय सकाळी सकाळी?”

यात एक शब्दही खोटा नव्हता.

बफर्डने गळ्यातली माळ काढायला घेतली. दोरी उन्हाने कुजली होती, हात लागताच तुटली. त्याने बूच हॉइटपुढे धरलं. “घे बाबा, तूच बांध. तुझीच बायको.”

हॉइटने खिशातून तंगुसाचं रीळ काढलं. मी बघत होते. सकाळी याच माणसाला शर्टाची बटणं मी लावून दिली होती. पण तंगूस बोटांत आला आणि ती बोटं आपली आपण चालायला लागली. दुहेरी केला, बुचाच्या कडीतून ओवला, गाठ, फास, बूच फासातून बाहेर. मग तंगूस माझ्या मानेमागून फिरवून दुसरं टोकही तसंच. त्याचं तोंड माझ्या गळ्याशी आलं. कॉफीचा वास आला.

“किल्ली तुझ्याकडं होती,” तो मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, “पण काम माझं होतं, नेल्डा.”

“गप बस आणि थुंकी लाव.”

त्याने गाठ ओली केली, सावकाश ओढली, उरलेला तुकडा कापला आणि बूच दोनदा हिसडून पाहिलं. “नाही सुटायची,” तो म्हणाला.

“सुटायची नाही म्हणतो!” बफर्ड म्हणाला. “अरे, पण केवढीशी आखूड केलीस. हिच्या डोक्यावरून निघायची कशी?”

हॉइटने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. माळ पुढच्याला द्यायची असते, हे त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

“कापायची,” मी म्हटलं. “दुसरा गाढव सापडला की.”

तेव्हा कुठे सगळे हसले. हॉइटही हसला. केन्डलने पेला उचलला आणि बोट राहिली.

तो शरद आम्हाला मिळाला. किल्ली काढली की मी बूच हॉइटच्या हातात ठेवायचे आणि तो वाकून ते बसवायचा. टाकीत मासे ठेवून, वजन करून आम्ही ते पुन्हा पाण्यात सोडायचो. प्रत्येक मासा सोडताना तो त्याला “जा घरी” म्हणायचा. मी इतकी सुखी फार कमी वेळा झाले आहे. माळ घालून अंघोळ केली, माळ घालून प्रार्थनेला गेले, नाताळची टर्की भाजली.

जानेवारीत त्याने बोटीचं नाव काढणं बंद केलं. खिडकीतून ती दिसायची, पण तो विचारायचा नाही. शेवटी मीच केन्डलला फोन केला. एक तरुण जोडपं येऊन बोट घेऊन गेलं. हॉइटने ओसरीवरून त्यांना हात केला आणि मला म्हणाला, “छान बोट आहे त्यांची.”

एप्रिलमध्ये क्लब पुन्हा धक्क्यावर जमला. मीही हॉइटला घेऊन गेले. तो ट्रकमध्ये खिडकीशी बसला, मांडीवर तंगुसाचं रीळ, गाठी मारत. आम्ही पोचलो आणि बघते तर बफर्डची बोट मागून खाली चाललेली. त्याचं बूच त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर उन्हात चमकत होतं. मला दिसलं, म्हणजे सगळ्यांनाच दिसत होतं.

मी पर्समधून छोटी कात्री काढली आणि खाली गेले. “ये बफर्ड, मान पुढं कर. कधीची वाट बघतेय तुझ्यासारख्याची.”

बफर्ड गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने कात्री पाहिली, मग माझ्या गळ्यातली गाठ. बराच वेळ पाहिली.

“हॉइटनं मारलेलीच ना ही?”

“त्याचीच.”

“नेल्डा, मी बूच लावलंय,” तो म्हणाला. “बोटीला भोक पडलंय कुठंतरी. जुनी झाली बिचारी.” त्याने बादली घेतली आणि पाणी उपसायला लागला. दोघं-तिघं आणखी बादल्या घेऊन गेले. बुचावाचून भोक उघडं, आत येईल तितकंच पाणी ते बाहेर टाकत होते. बॉनेटकडे कुणी मान वळवत नव्हतं.

मी ट्रकशी परत आले. हॉइट खिडकीतून बघत होता.

“काय करताहेत ते?”

“बोटीला भोक पडलंय म्हणतात.”

त्याने थोडा वेळ नीट पाहिलं. मग त्याचा चेहरा पूर्वीसारखा उजळला.

“भोक कसलं? बूच विसरलाय गाढव. पहिलं बूच, मग पाणी. त्याच्या गळ्यात घाला ती माळ.”

“घालते,” मी म्हटलं, आणि कात्री पर्समध्ये टाकून त्याच्या शेजारी जाऊन बसले.