थंड पाण्याच्या अकरा ओळी

जावयाचं वागणं ताओझेनला कधी पटलंच नव्हतं, पण गेले तीन दिवस त्यानं कहर केला होता. जेवताना मान वर करायचा नाही, आल्या-तिळाचा चहा दिला की वाटी घेऊन भिंतीआड जाऊन प्यायचा, आणि खालच्या खाचरात चल म्हटलं की याचं पोट दुखायचं. ताओझेनला तीन मुलीच, म्हणून धाकटीसाठी हा शुईगेन घरजावई करून आणला. नावाचा अर्थ पाण्याचं मूळ. मूळ कसलं, शेवाळ!

ताओझेन शाळेत दोन हिवाळेच गेली होती. सहीपुरती अक्षरं येत. पण हुनानच्या त्या दरीत तिच्या शेतातलं संकरित भाताचं बियाणं लोक डोळे मिटून विकत घेत. खाचरात दोन ओळी बापाच्या, आठ आईच्या, पुन्हा दोन बापाच्या. आईच्या फुलांत पराग धरायचा नाही. तिनं बापाचा घ्यायचा, तरच बियाणं खरं. त्यासाठी बापाच्या ओळींवरून दोरी ओढून पराग उडवायचा. हवा उबदार असली की आईच्या ओळी वांझ राहतात. कणीस पोटात असताना गारठा लागला, तर मात्र त्यांना स्वतःचाच पराग धरतो आणि सगळ्या बियाण्यात भेसळ होते.

आज पहिला फुलोरा उघडला. भाताची फुलं दुपारच्या आधी घटका-दोन घटका उघडतात. त्या वेळी दरीतलं धुकं विरतं, बेडूक गप्प होतात, आणि सगळं खाचर झोपेत श्वास घ्यावा तसं हळूच वर-खाली होतं. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ताओझेन तेवढा वेळ कुजबुजत बोलायची. आईच्या एकेका ओळीतलं कणीस ती काळ्या बाहीवर घाशीत चालली होती. बाही कोरी. कोरी. पाटाकडेच्या ओळीशी आली आणि बाहीवर हळदीचं बोट उमटलं.

शुईगेनची लेक जिंगवन चांग्शाच्या प्रयोगशाळेत कामाला होती, सुटीवर आलेली. तिनं भिंगातून पाहिलं.

"आजी, पराग जिवंत आहे गं. गोल, भरलेला."

"ही जात वांझ ना? मग बी बदललं का?"

"बी तेच. आतली अक्षरंही तीच. अक्षरांवर बारीक खुणा असतात, कुठलं वाचायचं आणि कुठलं गाळायचं त्याच्या. गारठा लागला की वाचायची तऱ्हाच बदलते."

"म्हणजे कुणीतरी कान भरले म्हण की!"

जिंगवन हसली. "थंडीनं भरले."

"ऐन उन्हाळ्यात थंडी आली कुठनं?" ताओझेननं पाटात हात घातला. धरणाच्या तळाचं पाणी. बोटं बधिर झाली. हे पाणी शेतात शिरू नये म्हणून तोंडाशी फळी होती. वीस दिवसांपूर्वी, कणीस पोटात असताना, तिथं राखणीला कोण बसलं होतं, ते तिला आठवलं.

"शुईगेन!"

तो आला. पोट दुखत नव्हतं.

"आई, डोळा लागला हो. पाय पाण्यात सोडले होते, इतकं गोड गार लागलं... स्वप्नात सगळं शेत नदी झालं होतं. कणसं माशांसारखी अंगाला घासून जात होती. जागा झालो तर फळी वाहून गेलेली. आईच्या अकरा ओळींत पाणी शिरलं होतं."

"आणि मग?"

"बियाणे केंद्राचे तपासनीस कालच बघून गेले. या बाजूला आलेच नाहीत." त्यानं आवाज खाली आणला. "दोरी फिरवून टाकू, आई. पोत्यात कोण ओळखतंय?"

"तू नाही ओळखणार. मीही नाही. पुढल्या साली ज्याच्या शेतात उगवेल तो ओळखेल. एक रोप कमरेला, एक गुडघ्याला. आणि शिवी कुणाच्या नावानं हासडेल? तुला तर कोण ओळखतंय?" तिनं विळा त्याच्या हातात ठेवला. "आधी कापणी, मग दोरी. नाहीतर यांचा पराग सगळीकडे उडेल. मुळापासून काप."

तो कापू लागला. अकराही ओळी फुललेल्या होत्या, इतर ओळींहून जास्तच. प्रत्येक घावासरशी थोडी पिवळी धूळ जागच्या जागी उठायची आणि खाली बसायची. ताओझेननं तोंड फिरवलं. बिचाऱ्यांचा काय गुन्हा? त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी ऐकलं.

मग लांब दोरीचं एक टोक तिनं धरलं, एक जिंगवननं. दोघी बापाच्या ओळींवरून दोरी ओढत पळाल्या. पराग धुरासारखा उठला, उन्हात तरंगला, आईच्या फुलांवर सावकाश उतरला. ताओझेनला वाटलं, पाय जमिनीला लागतच नाहीत. चाळीस वर्षांच्या दुपारी एकावर एक पसरल्यात आणि ती सगळ्यांतून एकदमच पळतेय.

बांधावर शुईगेन विळा घेऊन उभा होता. धाप लागलेली ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"झोपलास ते माफ. गार पाण्यात धान बहकतं, तू तर माणूस. पण वीस दिवस गिळून बसलास, ते माफ नाही. उद्या बियाणे केंद्रात जायचं आणि अकरा ओळी का कापल्या ते तुझ्या तोंडानं सांगायचं, जावईबापू. मी शेजारी उभी राहीन. पण एक अक्षर बोलणार नाही."