पुनर्स्थापित करा

मित्रांनो, तुमच्या तळहाताखाली मावेल एवढासा मी एक जुना माउस आहे. एक लांब वायर, दोन बटणं आणि मधे चाक, एवढाच माझा संसार. डावं बटण दाबून दाबून पार गुळगुळीत झालंय.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण शहाणपण आलं ते एका लहानशा खोलीत. तिथे शिक्षणाच्या वेबसाइट तपासल्या जात. मजकूर खरा आहे का, कोणी लिहिला, शेवटचा कधी सुधारला, हे आमच्या तपासनीस बाई आधी स्वतः पाहत. मग बाहेरच्या कुणाला तरी खुर्चीत बसवून ‘हा धडा शोधा, ही चाचणी सोडवा’ असं सांगत आणि स्वतः मागे वही घेऊन गप्प बसत. लोक भारी भिडस्त! तोंडाने म्हणायचे, ‘छान आहे.’ पण मला अक्षरं वाचता येत नसली तरी हात वाचता येतात. वाट सापडेना की तळवा ओलसर होतो आणि मी उगाच गोल गोल फिरू लागतो. बाई म्हणायच्या, "हा माउस म्हणजे माझा साक्षीदार." मी फुगून जायचो.

एकदा प्रौढांसाठी केलेली गणिताची वेबसाइट आली. दिसायला झकास. बाईंनी होकार दिला की ती सगळ्या प्रौढ वर्गांत सुरू होणार होती. ती वापरून बघायला शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. सातवीत शाळा सुटलेली, आणि आता दहावी व्हायचंच असा ध्यास घेतलेला. त्यांची बोटं सुईने खरखरीत झाली होती, पण हात स्थिर होता. त्यांनी वीस गणितं सोडवली, शेवटचं बटण दाबलं आणि सगळी उत्तरं गायब! पुन्हा सोडवली. पुन्हा पान कोरं.

"माउस बिघडलाय," वेबसाइट बनवणारे साहेब म्हणाले. झालं! खापर माझ्यावर फुटलं. वायर ओढून मला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि नवाकोरा माउस जोडला. मला फार वाईट वाटलं. ड्रॉवर जरासा उघडा होता, म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं. नव्या माउसनेही पान कोरंच झालं.

ताई उठल्या. "जाऊ द्या बाई. वेबसाइट छान आहे, माझंच डोकं चालत नाही. घरचे म्हणतात तेच खरं, या वयात कसलं शिक्षण! उद्यापासून वर्गालाही नाही येत मी."

"बसा हो ताई. परीक्षा तुमची नव्हती, या वेबसाइटची होती," बाई म्हणाल्या. "शेवटी या दोनांतलं कुठलं बटण दाबलंत?"

"हे. पुनर्स्थापित करा."

"शेजारचं ‘सादर करा’ का नाही?"

"सादर तर गाणं करतात ना? मला कुठे स्टेजवर जायचंय! हे दुसरं कसं भारदस्त वाटलं."

साहेब हसले. तशा बाई वळल्या. "साहेब, पुनर्स्थापित म्हणजे काय हो?"

"म्हणजे... रीसेट."

"आपल्या भाषेत सांगा."

बाईंनीच सांगितलं, "लिहिलेलं सगळं पुसून टाकायचं."

"मग सरळ ‘पुसा’ म्हणायचं की!" ताई म्हणाल्या.

बाईंनी होकार दिला नाही. दोन आठवड्यांनी वेबसाइट पुन्हा आली. बाईंनी मोठ्याने वाचलं म्हणून मला कळलं, आता एका बटणावर होतं ‘उत्तरं पाठवा’. दुसरं लांब कोपऱ्यात, ‘सगळं पुसा’, आणि तेही आधी ‘नक्की ना?’ असं विचारणारं. ताईंनाही बाईंनी आग्रहाने बोलावून घेतलं होतं. बाईंनी मला ड्रॉवरमधून काढलं, पुसलं आणि म्हणाल्या, "याच्यावर उगाच आळ आला होता."

वीसपैकी अठरा बरोबर! ताईंचा हात बराच वेळ माझ्यावर तसाच राहिला. तळवा अगदी कोरडा होता.

"दोन कुठे चुकली, ते दाखवतं का हो हे?" त्यांनी विचारलं. "उद्या वर्गात विचारून घेते."

मित्रांनो, आता माझं डावं बटण खरंच दाबलं जात नाही. मी कायमचा ड्रॉवरमध्ये असतो. तक्रार नाही, पण एक मागणं आहे. कुणी पडद्यासमोर अडखळलं, तर ‘तुला कळत नाही’ असं पटकन म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि समोर काय लिहिलंय ते आधी स्वतः वाचा. आणि हो, माउस काढताना वायर ओढू नका.