पुसलेली निळी शीर

मी एक जुना पाय आहे. दचकलात ना? मित्रांनो, मी नुसता पायच आहे, डावा, अर्ध्या मांडीपासून बोटांपर्यंत, आणि मागच्या बाजूची कातडी सोललेला. लातूरच्या एका क्लासमध्ये खिडकीपाशी उभा असतो. नवी मुलं मला बघून आधी किंचाळतात, मग पाठ करतात.

मला घडवलं जिलानीचाचांनी. ते मोहरमचे ताबूत सजवणारे कारागीर. रद्दीचा लगदा, मेथीचं पीठ आणि डिंक यांतून मी झालो. व्यंकटराव सर तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी पुस्तकातलं चित्र दिलं, पण चाचांचा चित्रावर भरवसा नव्हता. ते स्वतःचा गुडघा वाकवून मागच्या खळगीत बोटं खुपसून बसायचे. एकदा ओरडलेच, "सर, हितं आत कायतरी उडून राहिलंय!"

सर हसले. "ती मोठी धमनी, चाचा. सगळ्यात खोल तीच. तिच्यावर शीर, आणि वर मज्जातंतू."

मग चाचांनी खळगीच्या तळाशी लाल दोरी बसवली, तिच्यावर निळी, वर पिवळी. खाली पोटरीचे दोन गुबगुबीत स्नायू. "जिता पाय हाय बघा," ते म्हणाले. मीही तेच खरं धरून चाललो. तिथंच माझं चुकलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात मी कपाटातून खाली आलो आणि माझी करंगळी मोडली. केवढं दुःख केलं मी त्याचं! पुढच्या उन्हाळ्यात विठाबाई कॉलेजात सरांकडं झाडलोटीला लागल्या. किल्लारीकडच्या. घराच्या दगडांखाली सापडून त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. खोटा पाय लावून खुरडत यायच्या. मला पुसताना पोटरीशी हात थांबायचा. "तुझी पोटरी शाबूत हाय रं बाबा," म्हणायच्या. त्यानंतर मी करंगळीचं नाव काढलं नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांनी क्लास काढला. मीही आलो, विठाबाईही आल्या. डॉक्टर व्हायला मुरुडहून, इस्लापूरहून, कुठून कुठून पोरं यायला लागली. अन् एक चालच पडली. टेस्टला जाण्याआधी माझ्या खळगीला बोट लावायचं, म्हणजे मार्क पडतात! बोटं लागून लागून आधी पिवळा रंग गेला, मग निळा. मी आपला देवासारखा फुगलो.

त्याच गर्दीत हुमा आली. मुखेडच्या शिलाईवाल्यांची लेक, भारी हुशार. क्लासात जो आधी येईल त्याचा पहिला बाक, आणि जो उठेल त्याची जागा गेली. म्हणून हुमा उठायचीच नाही. उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायची नाही. जिन्यात पाय मुरगळला, प्लास्टर लागलं, तरी बाक सुटला नाही. दिवसचे दिवस तो पाय तसाच पडून असायचा.

प्लास्टर निघालं आणि चौथ्या दिवशी पोटरी सुजली. एकच, डावी. टणक आणि तापलेली. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण शिल्पा खोबरेल तेल घेऊन माझ्यापुढंच बसली. "बसून बसून आखडलाय गं, चोळलं की मोकळा होतोय," असं म्हणत तिनं चोळायला सुरुवातही केली.

हुमा गुडघ्यामागं हात धरून विव्हळली. नेमकी माझी निळी शीर जिथं पुसली गेलीय, तिथंच! मी हादरलो. अगं पोरींनो, थांबा! पण कागदाच्या पायाला तोंड कुठलं?

"हात काढ आधी! चोळू नगं म्हंते ना!" झाडू टाकून विठाबाई धावल्या.

"मावशी, नुसती सूज हाय," शिल्पा म्हणाली.

"न्हाई गं माय. भूकंपानंतर दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर रत्नम्मा व्हती. तिचा पाय प्लास्टरात. असाच फुगला. बहिणीनं मायेनं चोळला. पाणी मागता मागता रत्नम्मानं छातीला हात लावला अन् गेली. रक्ताची गाठ वर चढली म्हणले डॉक्टर. दगडाखालून जिती निघाली अन् तेलानं मेली गं!"

गलका ऐकून सर आत आले. शिल्पानं चटका बसल्यासारखा हात ओढला. हुमा पांढरीफटक पडली.

"सर," ती पुटपुटली, "कालच्या टेस्टमधला तेविसावा प्रश्न. शिरेत गाठ झाल्याची लक्षणं. मी बरोबर सोडवला होता."

शिल्पानंही बरोबर सोडवला होता. अख्ख्या वर्गानं सोडवला होता! सरांनी आपली खुर्ची पुढं ढकलली. पोरांनी हुमाला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं. गाठ खळगीतल्या शिरेतच होती. आणखी चोळलं असतं तर फुप्फुसात जाऊन जीव गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी हुमा परत आली. टेस्टचा दिवस होता, माझ्यापुढं रांग लागलेली. ती माझ्याकडं आलीच नाही. विठाबाईंना तिनं बाकावर बसवलं, त्यांचा राहिलेला पाय वाकवला आणि गुडघ्यामागं बोटं खोल रोवली. बराच वेळ शोधत राहिली.

"लागली! मावशी, आत उडून राहिलीय!"

विठाबाई लाजल्या. "उडू दे की. माझीच हाय ती."

माझ्यापुढची रांग मोडली. जो तो आपला गुडघा वाकवून बोटं खुपसायला लागला. आता सर दर तासाला सगळ्यांना उठवतात, चालवतात, पाणी पाजतात, आणि कुणाची जागा जात नाही.

मित्रांनो, माझी करंगळी लगद्यानं जोडता आली. तुमचं तसं नाही. मला पाठ करा, पण हात आधी स्वतःच्या पायाला लावा. त्या दिवशी रांग मोडल्यावर मला एकाही पोरानं बोट लावलं नाही, आणि खरं सांगतो, मला काडीचंही वाईट वाटलं नाही.